सोनपक्षी डावीकडे का वळले?

१

पेटी उघडली, पांढरं बासन सुटलं, आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अहो, हे आपलं नव्हे."

तेगेहसारी गावच्या वरच्या देवळात तीस वर्षांतून एकदा मोठा उत्सव भरतो. त्या एका दिवसासाठी सोनपक्ष्यांचं वस्त्र पेटीबाहेर येतं, देवाच्या दगडी आसनाभोवती गुंडाळलं जातं आणि संध्याकाळी परत पेटीत जातं. मधल्या काळात त्याची घडी मोडायची नाही, त्याला ऊन दाखवायचं नाही, उगाच बघायला म्हणून हात लावायचा नाही. त्यामुळे गावात निम्म्या लोकांनी ते प्रत्यक्ष पाहिलेलंच नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं त्यांनीही तीस वर्षांपूर्वी, तेही लोकांच्या खांद्यांवरून माना उंचावून.

तरीही ते वस्त्र कसं आहे हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं, कारण सभामंडपात फोटो होता. कुणा परदेशी माणसानं आजोबा-पणजोबांच्या काळात काचेच्या पट्टीवर काढलेला. आसनाला वस्त्र नेसवलंय, समोर पुजारी घंटा वाजवतोय, मागे कट्यारी खोवलेले बाप्ये उभे आहेत. गावातलं प्रत्येक पोर त्या फोटोखाली लोळून मोठं झालेलं.

उत्सवाला थोडे दिवस उरले असताना, रीतीप्रमाणे तयारी म्हणून, पुजारी मंग्कू रेनेंग यांनी वस्त्र चौथऱ्यावर पसरलं. जांभळं रेशीम, कडेला हिरवा पट्टा, मध्ये जरीचे पक्षी ओळीनं चाललेले. दिसायला देखणं, काही वादच नाही. पण फोटो आणून शेजारी ठेवला तेव्हा बायकांनी तोंडावर हात घेतले. फोटोतले पक्षी उजवीकडे तोंड करून चालले होते. चौथऱ्यावरचे झाडून सगळे डावीकडे.

कुणी म्हणालं, उलट्या बाजूनं पसरलं असेल. उलटवून पाहिलं, तर मागच्या अंगाला नुसते जरीचे लोंबते धागे. सुलटी बाजू एकच होती आणि तिच्यावरचे पक्षी डावीकडेच निघाले होते. डावी वाट म्हणजे करणी करणाऱ्यांची वाट. म्हणजे चोरानं खरं वस्त्र नेलं ते नेलंच, वर देवाच्या पेटीत असलं भलतंसलतं ठेवून गेला.

मंग्कूंच्या तोंडचं पाणी पळालं. तेही बिचारे काय सांगणार? मागच्या उत्सवात ते मागच्या रांगेत केळ्यांचे घड सांभाळत होते. पुजारी झाल्यापासून त्यांनी पेटी जिवापाड राखली, पण बासनाची गाठ कधी सोडली नाही. त्यांनाही ते वस्त्र माहीत होतं ते फोटोतलंच.

गावचे बेंदेसा, म्हणजे प्रमुख, घसा खाकरून म्हणाले, "किल्ली कुणाकडे असते?"

हे विचारायची गरज नव्हती. मंग्कूंच्या कमरेला ती सगळ्यांना दिसत होती.

२

मंग्कूंची मुलगी सुलांद्री देनपासार शहरात एका विमा कंपनीत होती. लोकांचे दावे खरे की खोटे हे शोधून काढायचं, हे तिचं काम. जळालेली दुकानं, बुडालेल्या होड्या, ठोकलेल्या गाड्या बघून तिचा माणसांवरचा विश्वास बराचसा उडालेला. एका जागी बसणं तिला जमत नसे. बोलता बोलता उठायची, फेऱ्या मारायची, समोरच्याची कॉफी उचलून प्यायची. शेजारणीचा फोन आला तशी ती स्कूटर काढून निघाली आणि वाटेत कुठं थांबली नाही.

घरी पोचली तर अंगण सुनं. उत्सव तोंडावर आला असताना पुजाऱ्याच्या घरात पाय ठेवायला जागा नसायला हवी. नारळाची पानं कापायला, फुलं निवडायला आलेल्या बायकांचा गलका असायला हवा. त्या दिवशी कुणी कुत्रं फिरकलं नव्हतं. तिचे बापा एकटेच पायरीवर बसले होते, कंबर मोकळी. किल्ली काढून घेतली होती.

"काही खाल्लंत का?" तिनं विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "लुह, पोरी, पौर्णिमेला सभा आहे. वाळीत टाकायचं म्हणतायत."

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे सुलांद्रीला कुणी सांगायला नको होतं. कुणी बोलणार नाही, कुणी हाक देणार नाही, घरच्या कार्याला गावची लाकडी घंटा वाजणार नाही. ते सगळं सोसता आलं असतं. पण तिची आई मार्चमध्ये गेली होती आणि मसणवटीत पुरून ठेवली होती. उत्सवानंतर गावातल्या सगळ्या मृतांचं सामुदायिक दहन व्हायचं होतं, त्यात तिचंही. वाळीत टाकलेल्या घराला मसणवट बंद. दहन नाही म्हणजे सुटका नाही. आई मातीत तशीच अडकून पडणार, वर नाही आणि खाली नाही.

"तुम्ही घेतलंत का ते?" तिनं सरळ विचारलं. सवयच होती तिची.

"नाही."

"मग झालं. रडू नका. मी बघते."

ती एवढं ठसक्यात म्हणाली खरी, पण आतून ती घाबरली होती. दाव्याच्या कामात तिला कधी भीती वाटली नव्हती, कारण तिथं तिची आई नसायची.

३

आधी ती बेंदेसांकडे गेली. ते गोठ्यात डुकरांना कोंडा घालत होते. त्यांनी तिला बस म्हटलं नाही, आणि ती बसणार नव्हतीच. बेंदेसांना तिच्या घराबद्दल जुना राग होता. पुजारीपण आपल्या भावाला मिळावं असं त्यांना वाटत होतं आणि देवाचा कौल रेनेंगच्या बाजूनं गेला. हे त्यांनी आपणहून सांगितलं. वर म्हणाले, राग आहे म्हणून मी खोटं बोलणार नाही, माझ्या डोळ्यांना जे दिसलं ते दिसलं. पेटी देवळाबाहेर कधी गेली होती का, असं तिनं विचारलं. एकदाच, ते म्हणाले. आगुंग पर्वत धुमसायला लागला तेव्हा सगळं गाव खाली पळालं, तेव्हा. पण मी तेव्हा मुलाकडे सिंगराजाला होतो. पेटी तुझा बाप आणि ग्दे सुआर्दा घेऊन गेले.

ग्दे सुआर्दा खालच्या शाळेत मास्तर होता आणि गावसभेचा चिटणीसही. नात्यानं तिचा लांबचा दादा. तो मात्र फार आपुलकीनं बोलला. तिला बसवलं, कॉफी दिली, तांदळाची गोड वडी पुढे केली. त्याच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे मांडलेल्या. लहानपणी सगळे त्याला मोजपट्टी म्हणून चिडवायचे, त्याची तिला आठवण झाली आणि तिनं ती बोलूनही दाखवली. तो हसला.

"काकांवर माझा तिळमात्र संशय नाही, लुह," तो म्हणाला. "पेटी माझ्या वर्गात होती तेव्हा ते तिच्याशेजारी झोपायचे. पण लोकांना मी काय सांगू? फोटो सगळ्यांच्या समोर आहे."

"फोटो आणायचं कुणाच्या डोक्यात आलं?"

"कुणाच्या म्हणजे? सगळ्यांच्याच. मी नुसता उचलून आणला."

ती पुढे काही विचारणार एवढ्यात बाहेर गाडी वाजली. दारात रेशमी सदऱ्यातला एक गुबगुबीत माणूस उतरला, हात जोडून. नाव दर्मादी, उबुदला जुन्या कापडांचं दुकान. त्याच्या हातात पिवळ्या कापडात बांधलेलं काहीतरी होतं आणि चेहऱ्यावर मयताला आल्यासारखे भाव.

"तुमच्या गावात काय झालं ते कानावर आलं," तो म्हणाला. "मला रात्रभर झोप नाही. तुमचं वस्त्र माझ्याकडे आहे."

४

दर्मादीनं सभामंडपात गाठोडं सोडलं तेव्हा म्हातारे पुढे सरसावले. तेच जांभळं रेशीम, तोच हिरवा काठ, आणि पक्षी उजवीकडे चाललेले. अगदी फोटोबरहुकूम. रंग थोडा विटलेला, जर काळवंडलेली, एका कोपऱ्याला डाग. शंभर वर्षांचं कापड असंच दिसायचं, सगळे म्हणाले. पेटीतलं कसं चकचकीत होतं, तेव्हाच शंका यायला हवी होती.

दर्मादी म्हणाला, काही वर्षांपूर्वी एक बाई दुकानात येऊन विकून गेली. कोण, कुठली, मी विचारलं नाही. पण पुजाऱ्याच्या घरची आहे असं म्हणाली. मुलीच्या शिक्षणाला पैसे हवेत म्हणाली. त्यानं बाईचं वर्णनही केलं, गालावरच्या तिळासकट.

सगळ्या माना सुलांद्रीकडे वळल्या. तीळ आईच्या गालावर होता.

पुढचं तिला नीट ऐकूच गेलं नाही. दर्मादी म्हणत होता, मला एक पैसा नको, हे देवाचं आहे, देवाला परत. फक्त ते खोटं वस्त्र गावात ठेवू नका, अपशकुन आहे. मला द्या, मी समुद्रावर नेऊन रीतसर त्याची वासलात लावतो. लोकांचे डोळे पाणावले. पौर्णिमेच्या सभेत अदलाबदल करायचं ठरलंसुद्धा.

घरी आल्यावर सुलांद्री अंगणात फेऱ्या घालत राहिली. मेलेल्या बाईवर आळ घेणं सगळ्यात सोपं, ती काही उठून सांगायला येत नाही. बापा भिंतीला टेकून बसले होते.

"लुह," ते हळूच म्हणाले, "तुझ्या शिक्षणाच्या वेळी तिनं कुठून पैसे उभे केले, मी कधी विचारलं नाही."

"बापा, एक शब्द बोलू नका." ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारचे कोंबडे फडफडले. "बांगड्या विकल्या तिनं. मी बरोबर होते. कळलं?"

बापांनी तोंड फिरवलं. गावानं त्यांना चोर म्हटलं ते त्यांनी गिळलं होतं. पण बायकोवर स्वतःच संशय घेतला याची त्यांना लाज वाटली, आणि ती त्यांना लपवता येईना.

सुलांद्रीला एकच गोष्ट खटकत होती, आणि ती तिच्या धंद्यातली होती. गाडीचा पार चुराडा झालाय म्हणून भरपाई मागणारा माणूस जेव्हा म्हणतो, ते मोडकं तेवढं मला राहू द्या, तेव्हा समजायचं की गाडी मोडलेली नाही. या दर्मादीला खोटं वस्त्र कशाला हवंय?

५

सकाळी बापांनी घरच्या देवासमोर पूजा मांडली. गावचं पुजारीपण गेलं तरी घरचा देव थोडाच सोडवतो? सुलांद्री कॉफीचा पेला घेऊन खांबाशी उभी होती. अख्खी रात्र तिचा डोळा लागला नव्हता आणि डोक्यात तेच ते गरगरत होतं. बापांनी उजव्या हाताच्या बोटांत फूल धरलं, डाव्या हातानं घंटा उचलली आणि मंत्र सुरू केला.

सुलांद्रीनं पेला खाली ठेवला आणि अनवाणीच पळत सुटली.

सभामंडपात शुकशुकाट होता. फोटो पुन्हा खिळ्यावर लटकत होता. ती जवळ गेली. फोटोतल्या पुजाऱ्याच्या उजव्या हातात घंटा होती आणि डाव्या हातात फूल. मागचे बाप्ये पाहिले. कट्यार पाठीशी खोवतात, मूठ उजव्या खांद्यामागून वर येते, सगळ्या बेटावर असंच. इथं एकूण एक मूठ डाव्या खांद्यामागून डोकावत होती. नेसूचे पदरसुद्धा बायकांसारखे उलट्या बाजूनं आलेले. एखादा डावरा असता तर गोष्ट वेगळी. सगळं गाव कसं डावरं असेल?

फोटो उलटा होता. काचेची पट्टी कागदावर उताणी ठेवायची ती कुणीतरी पालथी ठेवली होती, केव्हाच्या काळी. आणि गावानं तो इतक्या वेळा पाहिला होता की त्याच्याकडे बघायचं कुणाला सुचलंच नाही.

तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि तो आरशातल्यासारखा फिरवला. घंटा डाव्या हातात गेली. कट्यारी उजवीकडे आल्या. आणि पक्षी डावीकडे चालू लागले, पेटीतल्या वस्त्रावर चालत होते तसे.

म्हणजे पेटीतलं वस्त्र खरं होतं. काही चोरीला गेलंच नव्हतं. चोरी अजून व्हायची होती, पौर्णिमेला, भर सभेत, सगळ्या गावाच्या संमतीनं आणि हात जोडून.

६

ती हसली, आणि पुढच्याच क्षणी तिचं हसू मावळलं. कारण दर्मादीचं कापड फोटोवरून विणलं होतं, हे कळलं. पण फोटो काळापांढरा होता. मग जांभळं रेशीम आणि हिरवा काठ त्याला कुणी सांगितला? मागच्या उत्सवात पाहिलेल्यांना, आता पेटी उघडण्याआधी तुम्हाला कोणता रंग आठवत होता, असं विचारून बघितलं तर एक म्हातारा लाल म्हणाला, एक निळं, आणि दोघं त्यावरून भांडायला लागले. पक्षी फोटोतले होते, रंग मात्र पेटीतले, आणि असं जरीकाम काही दोन-चार दिवसांत विणून होत नाही. ज्यानं हे काम विणकराला दिलं त्यानं वस्त्र उलगडून डोळ्यांनी पाहिलं होतं. पक्षी फोटोत उलटे आहेत हेही त्याला तेव्हाच कळलं होतं. गाव फोटोवरच विश्वास ठेवणार हे ओळखून त्यानं मुद्दाम उलटेच पक्षी विणून घेतले.

ती घरी आली आणि बापांसमोर बसली. या वेळी खरंच बसली.

"डोंगर धुमसत होता तेव्हा पेटी शाळेत होती. तुम्ही एक दिवससुद्धा तिला सोडून गेला नाहीत?"

"नाही."

"बापा."

ते पूजेच्या ताटातली फुलं सारखी करत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आईला धाप लागली होती. राखेनं. दवाखान्यात न्यायला हवं होतं. पेटी एकटी कशी ठेवायची, आणि किल्ली घेऊन दवाखान्यात, विटाळाच्या जागी, कसं जायचं? म्हणून किल्ली दिली एकाजवळ. संध्याकाळी परत घेतली."

"कुणाजवळ?"

"नाव नको विचारू. त्यानं माझ्यावर उपकार केला. चूक माझी आहे, किल्ली मी सोडली. भरसभेत त्या पोराचं नाव घेऊन मी त्याला माझ्याबरोबर बुडवणार नाही."

सुलांद्रीला हसावं की रडावं कळेना. ज्यानं गळ्यात फास अडकवला त्याची अब्रू हे सांभाळत बसले होते. नाव सांगायची गरज नव्हती, शाळेत आणखी होतंच कोण? पण बापा सभेत तोंड उघडणार नाहीत हे तिनं ओळखलं. आणि पुरावा म्हणून तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

७

पौर्णिमेला देवळाचं अंगण भरून गेलं. बाप्ये मांडी घालून रांगेनं बसले, बायका भिंतीशी. दोन्ही वस्त्रं चौथऱ्यावर होती. दर्मादी पेटीतल्या वस्त्राला हात लावायला अधीर झालेला, पण चेहऱ्यावर भक्ती. सुलांद्रीनं बोलायची परवानगी मागितली. लग्न न झालेली, शहरात राहणारी बाई सभेत बोलणार म्हटल्यावर कुजबुज झाली. बेंदेसा म्हणाले, बोलू द्या, नंतर आमचं ऐकून घेतलं नाही असं नको.

तिनं भाषण केलं नाही. एवढंच म्हणाली की दर्मादींनी आणलेलं वस्त्र बापांनी आसनाला गुंडाळावं. शेवटचं एकदा.

मंग्कूंनी वस्त्र गुंडाळलं, जरीची बाजू बाहेर. पक्षी आसनाभोवती गोल चालू लागले. सुलांद्री त्यांच्या दिशेनं, त्यांच्याबरोबर, आसनाला फेरी घालत चालली. अर्ध्या फेरीतच भिंतीशी बसलेल्या एका म्हातारीनं "अगो बाई" म्हणून कपाळाला हात लावला. देव सुलांद्रीच्या डाव्या हाताला होता.

"प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो," ती थांबून म्हणाली. "डावा हात आत घेऊन आपण कुणाभोवती फिरतो?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. चितेभोवती. प्रेताच्या मनोऱ्याभोवती. देवाच्या आसनाला आजोबा-पणजोबांनी मर्तिकाची फेरी घालणारे पक्षी गुंडाळले असतील, असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

"उलटं गुंडाळून बघा," सुआर्दा पटकन म्हणाला. "वरची कड खाली घ्या."

"मग पक्षी पाय वर करून चालतील, बाळा," मंग्कू शांतपणे म्हणाले, आणि मागच्या रांगेत दोघे-तिघे हसले.

मग पेटीतलं वस्त्र गुंडाळलं. चौथऱ्यावर डावीकडे चाललेले दिसणारे तेच पक्षी आता देवाला उजव्या हाताशी ठेवून प्रदक्षिणा घालत होते. तिनं फोटो पुढे केला आणि घंटा दाखवली. बेंदेसा उठून जवळ आले, चष्मा पुसला, फोटोतल्या पुजाऱ्यासमोर स्वतःचे दोन्ही हात धरून पाहिले, आणि खाली बसताना "आयला, जन्मभर" एवढंच पुटपुटले. दर्मादी म्हणाला की त्यालाही फसवलं गेलं असणार, तो साधा व्यापारी. तेव्हा तिनं रंगांची गोष्ट काढली.

"पेटी कुणीतरी उघडली होती," ती म्हणाली. "डोंगराच्या वेळी. कुणी, ते बापा सांगणार नाहीत. पण त्या माणसानं नुसतं बघितलं असतं तरी चाललं असतं. त्याला घडी घालायची अक्कल नव्हती. एक घडी उलटी मुडपली, तिथं जर तुटली आहे. देवाच्या वस्त्राची अशी कुणी बोळी करतं का? माझा पाच वर्षांचा भाचा नीट घालेल."

"कुठं तुटली आहे?" सुआर्दा उसळून म्हणाला. "होती तशी, रेघेला रेघ लावून घातली होती मी..."

तो थांबला. कुठं काही तुटलेलं नव्हतं. सुलांद्रीनं ती थाप ठोकून दिली होती.

दर्मादीनं लगेच हात झटकले. मला यानंच गाठलं, रंग यानं सांगितले, बाईच्या गालावरचा तीळसुद्धा यानंच सांगितला. सुआर्दा बोलला तो मान खाली घालून, कुणाकडे न बघता. तीस वर्षं ते अंधारात पडून असतं, तो म्हणाला. कुणी बघत नाही, कुणाला उपयोग नाही. गावानं फोटोवर प्रेम केलं, मी गावाला फोटोतलं वस्त्र देत होतो. त्यानं कुणाचं काय बिघडलं असतं?

"माझ्या आईचं," सुलांद्री म्हणाली.

मग अंगणात एकच गलका झाला. दर्मादीला त्याच्या गाडीपर्यंत नेलं गेलं, कसं ते न सांगितलेलं बरं. मंग्कूंच्या कमरेला किल्ली बेंदेसांनी स्वतः बांधली. सगळं शांत झाल्यावर ते सुलांद्रीकडे वळले.

"देवाच्या पेटीला हात घातला की वाळीत, हा नियम तुझ्या बापासाठी होता, तसा सुआर्दासाठी. मसणवटही बंद. पण ज्या घरावर आळ आला त्या घराला विचारायची रीत आहे. म्हणून विचारतो." त्यांनी सुआर्दाकडे बोट दाखवलं. "त्याचा बाप गेल्या पावसाळ्यात गेला. तुझ्या आईच्या मागच्या रांगेतच आहे."

सुलांद्रीनं सुआर्दाकडे पाहिलं. तो पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती तिच्या अगदी ओळखीची होती. आल्या दिवसापासून ती तिच्याच पोटात होती. तिला वाटलं, भोगू दे. हाच चटका लागू दे याला, बापाच्या मातीजवळ बसून जन्मभर रडू दे. हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. बापा नुसते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्याचाही तिला राग आला.

"याला टाका वाळीत," ती म्हणाली. "याच्याशी मी या जन्मी बोलणार नाही, आणि तुम्हीही बोलू नका." मग ती बेंदेसांकडे वळली. "पण म्हाताऱ्यानं काय चोरलं होतं? त्यांना जाळा. आईच्या बरोबर, त्याच दिवशी."

बेंदेसांनी मान डोलावली. सुआर्दानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मंग्कू आसनाशी गेले आणि वस्त्राची सैल झालेली कड नीट करू लागले. सुलांद्री जी अंगणाबाहेर पडली ती थेट मसणवटीकडे चालू लागली. तिला आईला सांगायचं होतं, आता फार दिवस नाहीत.